लोटी ड्रेगरनं तण राखलं

ब्रिस्बेनपासून बरंच आत, डाल्बी गावाच्या उत्तरेला वेरांगा म्हणून एक विखुरलेली वस्ती आहे. तिथं लोटी ड्रेगरचं रान कुठलं, हे कुणाला विचारावं लागत नसे. रस्त्याकडेला काळीभोर, कुळवून कुळवून मऊ केलेली, एकही हिरवं पान नसलेली पड, म्हणजे न पेरता राखलेली जमीन, दिसली की ते रान लोटीचं. आणि तिच्या कुंपणाला लागून पलीकडं मांडीएवढं पाथरी नि रानजईचं तण डुलताना दिसलं की ते तिचा शेजारी मर्व डूलन याचं.

लोटीनं लग्न केलं नव्हतं. भाऊ ब्रिस्बेनला विम्याच्या नोकरीत गेला, आई वारली, आणि ट्रॅक्टरची किल्ली आपोआप लोटीच्या हातात आली. तेव्हा ती विशीत होती, आता चाळिशी उलटली होती. गावच्या हॉलमधल्या नाचाला बाप्ये म्हणायचे, "लोटीला नाचायला बोलवू नका रे, तिचा नवरा बाहेर डिझेल पीत उभा आहे." लोटी हसायची आणि चहाचे पेले विसळायला लागायची.

तिचा बाप, ऑगस्ट ड्रेगर, ऐंशीला टेकला होता. जमिनीबद्दल त्याचा एकच धडा होता आणि तो त्यानं लोटीला लहानपणापासून पाजला होता. रान रिकामं ठेवायचं, पावसाचं पाणी आत मुरू द्यायचं, आणि उगवेल ते तण मारायचं. "पडीतलं प्रत्येक पान तुझ्या पिकाच्या तोंडचं पाणी पितं," तो सांगायचा. धडा खोटा नव्हता. जिथं पावसाचा भरवसा नाही, तिथं काळ्या मातीत साठवलेल्या ओलीवरच पीक निघतं. ड्रेगरांची तीन पिढ्यांची भाकर त्याच धड्यावर भाजली होती.

मर्वचं तण हा लोटीच्या जिवाला लागलेला काटा होता. पाथरीच्या बियांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडत कुंपण ओलांडायच्या आणि तिच्या पडीत रुजायच्या. एकदा तिनं आपल्या रानात उपटलेलं सगळं तण ट्रेलरमध्ये भरलं आणि मर्वच्या फाटकापुढं नेऊन ओतलं. "तुझी पोरं तुझ्या घरी आणून सोडलीत," एवढंच बोलून ती निघून आली. मर्वनं ती गोष्ट हॉटेलात रंगवून रंगवून सांगितली आणि लोटीपेक्षा तोच जास्त हसला. पण त्यानंतर दोघांचं बोलणं जवळजवळ बंद झालं.

मग पावसानं पाठ फिरवली. दोन हिवाळे पेरणी झाली नाही. मधूनच एखादी सर यायची, तिनं पीक होणार नव्हतं, पण तण उगवायचं. लोटी दर सरीनंतर कुळव घेऊन निघायची. भाऊ फोनवर म्हणाला, "अगं, काही पेरलेलंच नाही तर कुळवतेस काय?" ती म्हणाली, "पाऊस येईल तेव्हा रान तयार हवं." गुरं विकावी लागली, घरामागचा भाजीचा वाफा वाळला, पण रस्त्याकडेचं मोठं रान आरशासारखं स्वच्छ राहिलं.

तिसऱ्या वर्षी शरदात पाऊस आला, आणि आला तो मनापासून. लोटीनं लोखंडी सळई जमिनीत खुपसून पाहिली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. इतकी खोल ओल तिनं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मोठ्या रानात तिनं जवस पेरला. उगवण अशी झाली, की येणारा-जाणारा गाडी हळू करून बघायचा. ऑगस्ट काठी टेकत कुंपणापर्यंत गेला आणि म्हणाला, "वाईट नाही." त्याच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी कधी कुणी ऐकली नव्हती.

आणि तिथंच पीक थांबलं.

वीतभर झालं आणि वाढायचंच विसरलं. खालची पानं फिकी पडली, मग तांबूस, मग गळायला लागली. लोटीनं कीड शोधली, ती मिळाली नाही. खोडं चिरून पाहिली, आत रोग दिसला नाही. माती मुठीत दाबली तर तिचा लाडू होत होता, म्हणजे ओल भरपूर. पाण्याच्या हौदात उभं राहून तहानेनं मरावं, तसं ते पीक दिसत होतं.

तिच्या मनात एकच संशय आला. ती तडक मर्वच्या घरी गेली. मर्व व्हरांड्यात बसून बुटाला तेल चोळत होता.

"मर्व, खरं सांग. तू तणावर औषध मारलंस, आणि वाऱ्यानं माझ्यावर आलं, होय ना?"

मर्वनं तिच्याकडं बघितलं, मग आपल्या रानाकडं बघितलं. "औषध? मी? अगं बाई, मी औषध मारणारा असतो तर माझ्या रानाची ही दशा असती का?"

लोटीनं त्याच्या तणाकडं पाहिलं.

"आणि दुसरं म्हणजे," मर्व बूट खाली ठेवत म्हणाला, "माझ्या कुंपणालगत तुझ्या पिकाच्या दोन ओळी आहेत ना, तेवढ्याच हिरव्यागार आहेत. मी रोज बघतो. माझ्याकडून काही उडून येत असेल, तर ते तुझं भलंच करतंय, लोटे."

ती रागानं निघाली, पण गाडी कुंपणाशी थांबवलीच. मर्व खोटं बोलत नव्हता. कुंपणालगतचा जवस तिच्या गुडघ्याला लागत होता. कुंपणापलीकडं मर्वनं कसाबसा फेकलेला, तणात अर्धा बुडालेला जवस तेवढाच उंच होता, आणि त्याच्या जमिनीत तर तिच्या निम्मीही ओल नव्हती. मग तिला आणखी एक जागा आठवली. रानाच्या मधोमध एक जुनी, मोडकी पवनचक्की होती. तिच्या पायांभोवती कुळव वळत नसे, म्हणून तिथं गवत राहायचं. ती तिकडं चालत गेली. पवनचक्कीभोवती हिरव्या जवसाचं कडं उभं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना ती बापाला म्हणाली, "पपा, जिथं मी कुळवलं नाही तिथंच पीक आलंय."

ऑगस्टनं खारवलेल्या गोमांसाचा तुकडा काट्यावरून खाली ठेवला. "मग बियाणं खराब असेल."

"एकाच पोत्यातलं बियाणं आहे."

"मग जमीन थकली असेल. अजून एक वर्ष पड ठेव."

लोटीनं ताटं आवरली. पण दुसऱ्या दिवशी तिनं शेतीखात्याला फोन लावला.

तूवूम्बा शहरातल्या कचेरीतून टिल्नी नावाचा माणूस आला. बारीक, उन्हानं सोललेल्या नाकाचा. फार बोलणारा नव्हता. त्यानं तीन ठिकाणची रोपं फावड्यानं मुळासकट उचलली, एक उघड्या रानातलं, एक पवनचक्कीपासचं, एक मर्वकडचं. आठवड्यानं तो परत आला तो सूक्ष्मदर्शक घेऊनच, आणि ते यंत्र त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहाच्या किटलीशेजारी मांडलं.

"मुळं उकळून निळ्या रंगात बुडवलीत," तो म्हणाला. "हे मिस्टर डूलनकडचं. बघा."

लोटीनं डोळा लावला. केसासारख्या मुळाच्या आत निळे धागे पसरले होते, आणि प्रत्येक टोकाला झाडाच्या शेंड्यासारखा बारीक फुलोरा होता.

"हे काय?"

"बुरशी."

ऑगस्ट खुर्चीतून म्हणाला, "बुरशी म्हणजे रोग. गव्हाचा तांबेरा बुरशीच असतो. आयुष्यभर बुरशी मारत आलो मी."

"ती वेगळी, मिस्टर ड्रेगर. ही मुळात राहते आणि मुळाचीच चाकरी करते. मूळ पोचत नाही तिथं हिचे धागे पोचतात. मातीतलं स्फुरद, जस्त असलं अन्न शोधून आणतात आणि मुळाला देतात. बदल्यात झाड तिला साखर देतं. कोणी कुणावर उपकार करत नाही. दोघांचं पोट एकमेकांवर चालतं."

मग त्यानं दुसरी काच सरकवली. "हे तुमच्या उघड्या रानातलं."

लोटीनं बराच वेळ पाहिलं. मूळ होतं. स्वच्छ, रिकामं. निळा धागा एकही नाही.

"ही बुरशी एकटी जगत नाही," टिल्नी म्हणाला. "तिला जिवंत मूळ लागतं. तुमच्या रानात दोन वर्षांहून जास्त काळ एकही मूळ जिवंत नव्हतं. गहू हिच्याशिवाय बराचसा निभावून नेतो. जवसाला ते जमत नाही."

"म्हणजे मी तिला उपाशी मारलं."

"तुम्ही ओल राखलीत. त्याच कामात हे झालं." तो थोडा अडखळला. "कुंड्यांमध्ये मी हे दाखवलंय. पण रानात, एवढ्या मोठ्या मापावर, माझ्याकडं पुरावा नाही. मी खात्रीनं सांगतो असं म्हटलं तर ते खोटं होईल."

लोटी उठली. खिडकीतून मोठं रान दिसत होतं. दोन वर्षं तिनं डोळ्यांत तेल घालून राखलेलं. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. म्हणून तिनं किटली उचलली आणि सगळ्यांच्या पेल्यात पुन्हा चहा ओतला.

"घरामागचा तुकडाही मी असाच कुळवत आले, तो अजून मोकळा आहे," ती म्हणाली. "तिथं काय ते करून बघू. काय लागेल?"

"जिवंत बुरशी असलेली माती. थोडीशी. दह्याला विरजण लावतात ना, तशी."

"कुठून आणू?"

टिल्नीनं खिडकीतून ज्या बाजूला पाहिलं, ती बाजू मर्वची होती.

मर्वकडं जाणं लोटीला रानातलं कुठलंही काम करण्यापेक्षा अवघड वाटलं. पण ती गेली. भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, करून कापडात बांधून नेले, आणि ते त्याच्या हातात देण्याआधीच बोलून मोकळी झाली. "मर्व, मला तुझी माती हवी आहे. पाथरीच्या मुळांसकट."

मर्वनं टोपी काढली. डोकं खाजवलं. "परत एकदा म्हण."

"एकदाच म्हणणार आहे."

"देवा रे! लोटी ड्रेगर माझं तण न्यायला ट्रेलर घेऊन आली!" तो इतका हसला, की त्याला खांब धरावा लागला. मग डोळे पुसून म्हणाला, "तण नेहमी फुकट दिलं तुला. पण माती मीच खणून देणार. तुझी खणायची रीत मला माहीत आहे, माझ्या रानात एक पान ठेवायची नाहीस तू."

दोघांनी मिळून माती खणली, भरली, आणि घरामागच्या तुकड्यात जवसाच्या एका पट्ट्यात बियांबरोबर सोडली. शेजारचा पट्टा नुसत्या बियांचा. पेरणीला उशीरच झाला होता. ऑगस्ट व्हरांड्यातून पाहत होता.

खरी झुंज पुढं होती. मोठ्या रानातलं खुरटं पीक काय करायचं? शहाणा शेतकरी ते मोडून टाकतो आणि रान पुन्हा स्वच्छ करतो. टिल्नी म्हणाला, उभं राहिलं तर जी थोडी बुरशी उरली असेल तिला मुळं मिळतील. तणाचंही तेच. "मात्र सगळं तण नको. रानमोहरी या बुरशीला थारा देत नाही. ती गेली तरी चालेल. पाथरी आणि गवत राहू दे."

म्हणून लोटीनं हातानं रानमोहरी उपटली आणि पाथरी ठेवली. रस्त्यावरून चर्चला जाणारे लोक काचा खाली करून बघायचे. कुणी तरी हॉलच्या दारावर खडूनं लिहिलं, 'ड्रेगर आणि डूलन, तणाचे व्यापारी'. लोटीनं ते वाचलं आणि आत जाऊन आपली खुर्ची घेतली. पुसायच्या भानगडीत ती पडली नाही.

"आता तणातसुद्धा सोयरीक बघायची," ऑगस्ट म्हणाला. "हे घरात घ्यायचं, ते नाही. तुझ्या आजोबांनी हे रान जंगल तोडून केलं. आणि तू त्यात गवत वाढवतेस, तेही रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

"पपा, एक हंगाम द्या मला."

"मी जिवंत असताना नाही."

हिवाळा सरत आला तेव्हाची एक सकाळ होती. लोटी टाकीची गळती बघत होती तेव्हा तिला ट्रॅक्टरचा आवाज आला. ती धावली. म्हातारा काठी टाकून, कुणास ठाऊक कसा, ट्रॅक्टरवर चढला होता. मागं कुळव लावला होता आणि मोठ्या रानाच्या फाटकातून आत शिरत होता. लोटी कुंपणाच्या तारेखालून सरपटत गेली, बाही फाटली, आणि ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

ट्रॅक्टर थांबला. इंजिन चालूच होतं.

"बाजूला हो!"

"नाही व्हायची."

"हे रान माझं आहे!"

"आहे. पण वीस वर्षं मी कसलंय. या वीस वर्षांत तुम्ही सांगितलं त्याच्या बाहेर एक पाऊल टाकलं का मी? दोन वर्षं पेरणी नव्हती तरी मी कुळवत राहिले. तुमच्यापेक्षा स्वच्छ पड ठेवली मी. आणि त्यात हे आलं!" तिनं वाकून एक खुरटं रोप उपटलं आणि त्याच्यापुढं धरलं. "हे माझ्या हातचं आहे, पपा. तुम्ही चुकलात म्हणून नाही सांगत मी. मीच केलं हे. म्हणून मलाच निस्तरू द्या."

म्हाताऱ्यानं वाकून त्या रोपाकडं पाहिलं. मग त्यानं किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"मला खाली उतरता येत नाही," तो म्हणाला.

लोटीनं त्याला काखेत धरून उतरवलं. तो तिच्यापेक्षा उंच होता, हे तिला आठवत होतं. आता त्याचं डोकं तिच्या खांद्याला लागत होतं. दोघं फाटकापर्यंत हळूहळू चालत आले.

वसंतात घरामागच्या तुकड्यानं निकाल दिला. मर्वची माती पडलेला पट्टा कमरेशी आला आणि निळ्या फुलांनी भरून गेला. शेजारचा पट्टा वीतभरच राहिला. टिल्नी आला, त्यानं मापं घेतली, फोटो काढले, आणि त्या शांत माणसानं चक्क टोपी हवेत उडवली. मर्व म्हणाला, "माझ्या आळसाला सरकारनं पदक द्यायला हवं."

"आळसाला नाही," लोटी म्हणाली. "तुझ्या पाथरीला."

पण म्हणून मोठं रान लगेच सावरलं असं नाही. एवढ्या रानात माती ट्रेलरनं वाहून टाकणं शक्य नव्हतं. बुरशी तिथंच वाढवायला हवी होती. लोटीनं उन्हाळ्यात पड न ठेवता ज्वारी पेरली, मुळं राहावीत म्हणून. त्या ज्वारीनं ओल पिऊन टाकली, कणसं पोचट निघाली. पुढच्या हिवाळ्यातला गहूही त्यामुळं पातळ आला. ऑगस्टचा धडा खोटा नव्हता, हे लोटीला त्या वर्षी पुन्हा कळलं. ओल हवी आणि बुरशीही हवी. एकीसाठी रान मोकळं हवं, दुसरीसाठी भरलेलं. या दोघींमधून वाट काढायची होती, आणि ती कुणी आखून दिलेली नव्हती. शेजारपाजारचे म्हणायचे, "बघ, म्हातारा सांगत होता." ती म्हणायची, "सांगत होता खरा." आणि कामाला लागायची.

तिनं पड सोडली नाही, तिची मुदत कमी केली. पाऊस लांबला तर रानाच्या काही भागात पातळसं काही तरी पेरून मुळं जिवंत ठेवायची. लांब पडीनंतर आधी गहू, आणि जवस त्याच्यामागून. दर हंगामात ती मुळं उपटून टिल्नीकडं पाठवायची आणि त्याच्या फोनची वाट बघायची. "निळे धागे वाढतायत," तो सांगायचा. "अजून थोडी कळ काढा."

गव्हानंतरच्या हिवाळ्यात तिनं मोठ्या रानात पुन्हा जवस पेरला. या वेळी तो वीतभरावर थांबला नाही. ती रोज सकाळी जायची आणि हात लावून बघायची. मांडीच्या वर गेला तेव्हाही तिनं घरी काही सांगितलं नाही.

एका सकाळी ऑगस्ट व्हरांड्यात नव्हता. तो कुंपणापाशी सापडला. गुडघ्यांवर बसला होता, शेजारी चमचाएवढं बागेचं फावडं. त्यानं जवसाचं एक रोप मुळासकट काढलं होतं आणि हाताच्या तळव्यावर धरून बघत होता.

"डोळ्यांना दिसत नाही," तो म्हणाला.

"नाही दिसत, पपा. रंगवावं लागतं."

"मग त्या माणसाला बोलाव. यंत्र घेऊन ये म्हणावं. त्या दिवशी मी नीट पाहिलं नव्हतं."

टिल्नी पुढच्याच आठवड्यात आला. मर्वही आला, बोलावलं नसताना. स्वयंपाकघरात टेबलाभोवती चौघं बसले. ऑगस्टनं चष्मा काढला, डोळा लावला आणि हालेचना. चहा गार झाला. मर्वनं घसा खाकरला तेव्हा म्हाताऱ्यानं हातानंच त्याला गप्प केलं.

"किती आहेत," तो शेवटी म्हणाला. "केवढी गर्दी."

त्या वर्षीचा जवस लोटीनं काढला तेव्हा म्हातारा कापणीयंत्राच्या केबिनमध्ये तिच्याशेजारी बसून होता आणि सरळ रेषेत चालव म्हणून तिला शिकवत होता. दोन वर्षांनी तो गेला. हॉलच्या लोकांनी नंतर लोटीला या बुरशीबद्दल बोलायला बोलावलं. ती उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि घाम पुसत म्हणाली, "पुढचं टिल्नी सांगतील. कुणाला बघायचं असेल तर माझ्या रानात या, फावडं घेऊन या." बरेच जण आले. काही जण अजूनही आपली पड आरशासारखी ठेवतात, आणि लोटी त्यांच्याशी वाद घालत नाही.

पुढं पुन्हा मोठा दुष्काळ पडला. पहिल्या हलक्या सरीनंतर लोटीनं पेरणीयंत्र जोडलं, मुळं राहावीत म्हणून मोठ्या रानाच्या अर्ध्या भागात विरळ ज्वारी टाकली, आणि मग कुळव घेऊन उरलेला अर्धा भाग साफ करायला निघाली.